आखूड दस्त्याची बंदूक

२००३ सालच्या मे महिन्यात वैजयंती देवतळेच्या गव्हात ससे घुसले आणि तिथून सगळं सुरू झालं.

गहू तिच्या मालकीचा नव्हता. केंब्रिजच्या दक्षिणेला एका खेड्याबाहेर बियाण्याच्या कंपनीचं केंद्र होतं आणि तिथल्या शेतातल्या चाचण्या वैजयंती बघायची. एकेका जातीचा एकेक वाफा, असे शेकडो वाफे दोरी लावून आखलेले. कुठल्या वाफ्यातून किती धान्य निघतं, त्यावर शेतकऱ्याच्या हातात पुढे कोणतं बी पडणार हे ठरायचं. सशांना त्याचं काय? ते झुडपांच्या कुंपणातून निघायचे, कडेचे वाफे जमिनीलगत कुरतडायचे आणि टुणटुण उड्या मारत परत जायचे. कुरतडलेल्या वाफ्याचा आकडा खोटा. म्हणजे त्या जातीवर घातलेली वर्षं पाण्यात.

विजेच्या तारेचं कुंपण लावून झालं. ससे खालून उकरून आत आले. पूर्वी एक म्हातारा बंदूक घेऊन यायचा, तो गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर घरी बसला. कंत्राटी माणूस बोलावला, तर तो त्याच्या सवडीने यायचा, दोन-चार बार काढायचा आणि महिनाभर तोंड दाखवायचा नाही.

केंद्राचा मॅनेजर डेरेक भला माणूस होता, पण कुठलीही अडचण आली की तिला पुढच्या बजेटमध्ये ढकलायची त्याची सवय. त्या सोमवारच्या मीटिंगमध्येही तो म्हणाला, "पुढच्या वर्षी बघू या."

"पुढच्या वर्षी खायला गहू उरायचा नाही, सशांनासुद्धा," वैजयंती म्हणाली. "मीच मारते."

हशा पिकला. कुणी दुष्टपणाने हसलं नव्हतं. टेबलाशी बसली तरी तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते, आणि ही बाई बंदूक घेऊन शेतात पालथी पडलीय हे चित्रच त्या मंडळींना गमतीचं वाटलं. वैजयंती हसली नाही. हशा ओसरेपर्यंत थांबली आणि विचारलं, "लायसन्सचं कोणाला माहीत आहे? कुठून सुरुवात करायची?"

तिची उंची चार फूट दहा इंच. अमरावतीकडची, चार भावंडांत धाकटी, अकोल्याला शेतकी शिकलेली. हरीशशी लग्न होऊन इंग्लंडला आली, तेव्हापासून हा देश आपल्यासाठी बांधलेला नाही हे तिला रोज कळत आलं होतं. ओट्याच्या वरची कपाटं, बँकेतलं काउंटर, ट्रॅक्टरचा क्लच. "यू विल गेट यूज्ड टू इट," असं सगळेच प्रेमाने सांगायचे. ट्रॅक्टरच्या क्लचला तिने पहिल्याच महिन्यात लाकडाचा ठोकळा बसवून घेतला. तिच्यानंतर जो कोणी उंच माणूस त्या सीटवर बसायचा तो शिव्या घालायचा. ठोकळा काही तिने काढला नाही.

घरी तिने जेवताना सांगितलं.

"बंदूक?" हरीश म्हणाला. तो पुण्याचा, कोथरूडचा, सॉफ्टवेअरमधला. आवाज चढवणं त्याच्या स्वभावात नव्हतं. पटलं नाही की तो तोच शब्द पुन्हा म्हणायचा. "घरात? बंदूक?"

"घरात. लोखंडी कपाटात. भिंतीला बोल्ट मारून."

"लोक काय म्हणतील, वैजू?"

"कोणते लोक? शेजारची बाई मांजर हरवल्याशिवाय आपल्याशी बोलत नाही."

त्यांची मुलगी मायरा तेव्हा बारा वर्षांची होती. तिने काटा खाली ठेवला. "आई, तू बनीला मारणार? दॅट्स हॉरिबल. तो किती लहान असते."

"असतो," वैजयंतीने सुधारलं. "हो, मारणार."

मायरा ताटावरून उठून गेली.

*

जवळच्या गावात एक रायफल क्लब होता. पत्र्याची लांबट शेड, एका टोकाला वाळूची भिंत, दुसऱ्या टोकाला चटया. मंगळवारी संध्याकाळी तिथे दहा-बारा जण जमायचे आणि पंचवीस यार्डांवरच्या कागदावर गोळ्या मारायचे. बंदुका सगळ्या पॉइंट टू-टूच्या, म्हणजे सर्वांत लहान गोळीच्या. ह्या काडतुसात ठिणगी पडते ती बुडाच्या कडेवर, म्हणून त्यांना रिमफायर म्हणतात. आवाज फार नाही, धक्का नाहीच. क्लबचे अध्यक्ष मिस्टर हॅलम आयुष्यभर सुतारकी शिकवून निवृत्त झालेले, पांढऱ्या भुवयांचे, हळू बोलणारे गृहस्थ. त्यांनी वैजयंतीला चटईवर पालथं झोपायला शिकवलं, श्वास अर्धा सोडून थांबायला शिकवलं, चाप ओढायचा नसतो, दाबत न्यायचा असतो हे शिकवलं.

तिला सगळं समजत होतं आणि तरी गोळ्या कागदभर विखुरत होत्या. क्लबची बंदूक सहा फुटी पुरुषाच्या मापाची. दस्ता खांद्यात बसायच्या ऐवजी दंडावर यायचा. चापापर्यंत बोट पोचवायला हात ताणावा लागायचा आणि ताणलेला हात थरथरायचा. बंदुकीवरच्या दुर्बिणीतून बघायला मान पुढे काढावी लागायची, की मग दिसायचं ते चंद्रकोरीएवढं.

"सवय होईल, माय डिअर," हॅलम म्हणाले.

वैजयंती त्या चटईवर पडल्या पडल्या चिडली. चाळीशी चार पावलांवर आली होती आणि अजून हेच ऐकायचं? ती उठली, अंगावरची धूळ झटकली आणि म्हणाली, "मिस्टर हॅलम, माझा हात काही आता वाढणार नाही. लाकूड मात्र कापता येतं."

"क्लबच्या बंदुकीला हात लावायचा नाही हं."

"क्लबची नाही. स्वतःची घेईन तेव्हा."

तोवर तिने त्याच बंदुकीवर दात-ओठ खाऊन सराव केला. क्लबातला उमेदवारीचा काळ संपला, मग लायसन्सचा अर्ज, मग घराची तपासणी. पोलिसांकडून एक मध्यमवयीन अधिकारी आला, बूट दाराशी काढू का म्हणून विचारलं, चहा घेतला, कपाट हलवून बघितलं. माणूस सभ्य होता. पण सोफ्यावर बसून तो प्रश्न विचारायचा तो हरीशकडे बघून.

"मिसेस देवतळेंना ही आवड कशी लागली?"

हरीशने तिच्याकडे बघितलं.

"मला विचारा," वैजयंती म्हणाली. "मी इथेच बसले आहे."

अधिकारी जरा गोरामोरा झाला. "माफ करा. घरातल्या दुसऱ्या माणसाची हरकत नाही ना, एवढं मला पाहावं लागतं."

"ते जरूर विचारा त्याला. बाकीचं मला."

मग त्याने हरीशला सरळच विचारलं, तुमची काही हरकत? वैजयंतीला वाटलं, झालं, आता हा 'बंदूक? घरात?' सुरू करणार. हरीशने चष्मा काढून पुसला. "मला बंदुका आवडत नाहीत," तो म्हणाला. "पण हिने एखादी गोष्ट नीट न शिकता केली असं मी वीस वर्षांत पाहिलेलं नाही. माझी हरकत नाही."

अधिकारी गेल्यावर वैजयंती म्हणाली, "वीस नाही, पंधरा वर्षं झाली आपल्या लग्नाला."

"वाटतात वीस," हरीश म्हणाला.

*

२००४ च्या वसंतात लायसन्स आलं. वैजयंतीने परवानाधारक दुकानदाराकडून एक जुनी चेक बनावटीची बंदूक घेतली. पोलाद उत्तम, आणि दस्ता अक्रोडाचा. गडद तपकिरी लाकूड, त्यात मधाच्या रंगाच्या रेघा. नळी आखूड करणं आणि तिच्या तोंडाला आवाज दाबणारं नळकांडं बसवायला आटे पाडणं ही दुकानदाराचीच कामं, ती त्यानेच कायद्याने केली. चापाची स्प्रिंगही त्याने हलकी करून दिली. दस्त्याला लायसन्स लागत नाही. तो तिचा होता.

मंगळवारी ती बंदूक घेऊन क्लबात गेली. हॅलमनी दस्त्यावरून हात फिरवला. "काय लाकूड आहे! असं आता मिळत नाही."

"हो ना. कापायचं आहे."

चटईवर पडलेला एक जण उठून बसला.

"मिसेस देवतळे," हॅलम म्हणाले, "आपल्याकडे कॅडेट पोरांची एक छोटी बंदूक आहे, बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची. ती तुम्हाला अगदी मापात बसेल. ती घ्या, ही ठेवा. ही कापलीत तर हिची किंमत शून्य."

"मी कॅडेट नाही, सदतीस वर्षांची बाई आहे. आणि मला ही विकायची नाही, चालवायची आहे." तिने पिशवीतून बारीक दातांची करवत काढली. "तुम्ही सुतारकी शिकवलीत. लाकडाच्या कपच्या उडू नयेत म्हणून काय करतात तेवढं सांगा. नाही सांगितलंत तरी मी कापणार आहेच."

हॅलमनी एक मोठा निःश्वास टाकला, ड्रॉवरमधून कागदी चिकटपट्टी आणली आणि जिथे कापायचं तिथे भोवती घट्ट गुंडाळली. रेघ मात्र तिने स्वतः मारली, कोपराच्या खोलगट भागापासून बोटाच्या पेरापर्यंतचं अंतर घेऊन. बंदुकीचा लोखंडी भाग सोडवून बाजूला ठेवला होता. नुसता दस्ता वाइसच्या पकडीत आवळून तिने करवत चालवायला सुरुवात केली. अक्रोड चिवट. दंड भरून आले, कपाळावर घाम आला. एकाने "मी देऊ का कापून?" म्हणून विचारलं, तेव्हा ती नुसती "नको" म्हणाली आणि थांबली नाही. शेवटी तुकडा खटकन खाली पडला. एक माणूस हळूच "ओ डिअर" म्हणाला.

कापलेल्या टोकाला तिने रबराची पट्टी बसवली. हाताच्या मुठीत येतो तिथला भाग कानशीने घासून बारीक केला, कारण तिची मूठ लहान. गाल टेकायला कॅम्पिंगच्या चटईचा फोम कापून चिकटवला. दुर्बीण मागे सरकवली. आठवडाभर गॅरेजमध्ये हेच चाललं होतं. बंदूक दिसायला भयंकर झाली. फोम निळ्या रंगाचा होता.

पुढच्या मंगळवारी ती चटईवर पडली आणि दस्ता खांद्याच्या खळगीत जाऊन बसला. मान ताणावी लागली नाही. दुर्बिणीत पूर्ण गोल दिसला, काठोकाठ. पाच गोळ्या मारून कागद ओढून घेतला, तर पाचही भोकं एकात एक मिसळलेली, वर अंगठा ठेवला तर झाकतील एवढी.

हॅलमनी कागद उजेडात धरला. त्यांनी अभिनंदन केलं नाही. "निळा रंग तेवढा बदला," ते म्हणाले, "डोळ्यांना त्रास होतो."

"मला नाही होत," वैजयंती म्हणाली. निळा रंग राहिला.

*

कागद वेगळा आणि ससा वेगळा, हे तिला जूनमध्ये कळलं.

केंद्रातली मंडळी घरी गेली होती. ऊन अजून वाफ्यांवर तिरपं पडलेलं. वैजयंती दोन वाफ्यांमधल्या गवताच्या वाटेवर पालथी पडून बराच वेळ वाट बघत होती. कुंपणाशी एक मोठा ससा बाहेर आला, मागच्या पायांवर बसला, कान वळवले. अंतर जास्त होतं. ऐंशी यार्ड तरी. ही लहान गोळी लांब जायला लागली की दगडासारखी खाली येते, हे तिला पाठ होतं. पण कागदावर सगळं जमत होतं, त्याचा गर्व डोक्यात होता. अंदाजाने जरा वर धरून तिने चाप दाबला.

ससा मेला नाही. मागचे पाय ओढत तो कुंपणाकडे सरकायला लागला आणि ओरडला. ससे ओरडतात हे तिला माहीत नव्हतं. लहान मुलासारखा तो आवाज. ती धावत सुटली, मधे एकदा पडली, उठली, आणि जवळ जाऊन दुसरी गोळी घातली. मग तिथेच गवतात उकिडवी बसून तिला उलटी झाली.

डेरेक कुलपं लावायला थांबला होता. त्याने लांबून पाहिलं असावं. तो आला आणि म्हणाला, "वैजी, सोडून दे. कुणी तुला नावं ठेवणार नाही. कंत्राटदाराला फोन करू."

"तो काय जवळून मारतो?"

"माहीत नाही. तो मारतो आणि निघून जातो."

"मग त्याच्यापेक्षा मीच बरी. मी थांबले तरी ससे मरायचे थोडेच थांबणार आहेत? फक्त मला ऐकू येणार नाही." तिने तोंड पुसलं. "मी चुकले. लांबून मारायची नव्हती."

त्यानंतर तिने पन्नास यार्डांपलीकडे कधी गोळी झाडली नाही. त्यासाठी ती पोटावर सरपटायला शिकली. वारा कुठला आहे, सावली कुठे पडते, कुठल्या बिळाचं तोंड ताजं आहे, हे बघायला लागली. आखूड दस्ता तिथे कामी आला. गव्हाच्या दांड्यांना धक्का न लावता बंदूक खांद्याला लावता यायची. जवळ पोचता आलं नाही तर ती हात हलवत परत यायची आणि डेरेकने विचारलं की सांगायची, "आज त्यांचा दिवस होता." वाफ्यांच्या कडा मात्र हळूहळू शाबूत राहायला लागल्या.

मेलेले ससे झुडपात टाकून द्यायची तिकडे पद्धत होती, कोल्हे खातात म्हणून. वैजयंतीला ते पटेना. तिच्या माहेरी रविवारी मटण शिजायचं, बाबा स्वतः बाजारात उभं राहून कापून आणायचे, आणि पानात टाकलेलं त्यांना खपायचं नाही. हॅलमच्या बायकोकडून ती ससा साफ करायला शिकली. घरी आणून तिने काळा मसाला वाटला, भाजलेलं खोबरं, खसखस, लवंगा, वर तेलाचा लालभडक तवंग, तिकडे अमरावती-नागपूरला करतात तसा.

वासाने हरीश दोनदा स्वयंपाकघरात येऊन गेला. तिसऱ्यांदा ताट घेऊनच आला.

"कोंबडीसारखं लागतं?" त्याने विचारलं.

"सशासारखं लागतं. खा."

त्याने खाल्लं. नाक गळायला लागलं, डोळ्यांतून पाणी आलं, तरी त्याने रस्सा पुन्हा मागितला.

मायरा दारात उभी होती. ती त्या आठवड्यापासून शाकाहारी झाली होती. चिकन नाही, अंडं नाही, जिलेटीनची मिठाईसुद्धा नाही. "मला वेगळा पॅन पाहिजे," ती म्हणाली. "आणि मी तुझ्याशी ॲग्री नाही करणार, आई. कधीच."

"नको करू." वैजयंतीने दुसऱ्याच दिवशी तिला नवा पॅन आणून दिला, त्यावर तिचं नाव रंगवून. "तुझं मला पटत नाही, पण तू बोलतेस तसं वागतेस. ते मला आवडतं." मायराने तो पॅन दुसऱ्या कोणाला वापरू दिला नाही.

*

खरा सामना झाला तो दुसरीकडेच.

केंब्रिजच्या मराठी मंडळात दरवर्षी गणपती बसायचा, एका शाळेचा हॉल भाड्याने घेऊन. नैवेद्याचे उकडीचे मोदक वैजयंती करायची. पहिल्या वर्षापासून तीच. २००५ च्या गणपतीआधी मंडळाच्या सेक्रेटरीचा, अर्चनाचा फोन आला.

"वैजयंतीताई, एक बोलायचं होतं. रागावू नका हं."

"बोल."

"ह्या वर्षी मोदक नीनाताई करतील म्हणतायत."

"का? माझे हात मोडले?"

"तसं नाही हो..." अर्चना अडखळली. "कमिटीत विषय निघाला. तुम्ही ते ससे वगैरे मारता ना. नैवेद्य आहे, देवाचं आहे. ज्या हातांनी... म्हणजे मला स्वतःला काही वाटत नाही."

"कोणाला वाटतं?"

"यशोधनदादा म्हणाले."

यशोधन मंडळाचा अध्यक्ष. शहरातल्या एका मोठ्या कंपनीत वरच्या हुद्द्यावर, बोलायला गोड.

"अर्चना, जुलैच्या बार्बेक्यूला लॅम्ब चॉप्स कोणी भाजले होते?"

"यशोधनदादांनीच."

"ते कोकरू काय स्वतःच गळा कापून, प्लास्टिकमध्ये बसून आलं होतं?"

"मग मी कमिटीला काय सांगू?" अर्चनाने विचारलं.

"कमिटीला सांग," वैजयंती म्हणाली, "मोदक मी आणणार आहे. नीनालाही आणू दे. ज्याला माझे खायचे नाहीत त्याने खाऊ नयेत. पण आणणार."

फोन ठेवून तिने तांदळाची पिठी काढली. कौतुकाने बोलावणारी माणसं होती ती. मायराच्या जन्मानंतर ह्याच बायकांनी आळीपाळीने डबे पोचवले होते. हरीश म्हणाला, "ह्या वर्षी आपण नकोच जाऊ या. घरीच करू." ती पिठी मोजत होती. "घरीच बसायचं असतं तर मी अमरावतीलाच बसले असते," ती म्हणाली.

शनिवारी हॉल भरलेला होता. झेंडूची हार-तोरणं, मुलांचा गोंगाट, अगरबत्तीच्या धुरामुळे फायर अलार्म वाजेल म्हणून केअरटेकरची घालमेल. वैजयंती नऊवारी नेसून, हातात केळीच्या पानाने झाकलेलं मोठं पातेलं घेऊन आली. यशोधन दारातच भेटला. "अरे वा, वैजयंतीताई! इकडे ठेवा ना," म्हणत त्याने कागदी प्लेटांच्या टेबलाकडे बोट दाखवलं.

तिने त्या टेबलाकडे बघितलंसुद्धा नाही. हॉलच्या मधून सरळ चालत गेली. माणसं बाजूला झाली. मूर्तीसमोर नीनाचं ताट होतं. त्याच्या शेजारी तिने पातेलं ठेवलं, पान बाजूला केलं, हात जोडले आणि तिथेच पहिल्या रांगेत उभी राहिली. वाफेबरोबर तुपाचा वास सुटला. यशोधन पुढे आला, थांबला, इकडेतिकडे बघितलं. तेवढ्यात कुणीतरी झांजा वाजवल्या आणि आरती सुरू झाली.

प्रसादाच्या वेळी बहुतेकांनी नीनाच्या ताटातले मोदक घेतले. नीनाचा बिचारीचा तो पहिलाच प्रयत्न, निम्मे फुटून सारण बाहेर आलं होतं. ती वैजयंतीजवळ येऊन कानात म्हणाली, "पुढच्या वर्षी मला ह्यातून सोडवा हो," आणि सगळ्यांसमोर वैजयंतीच्या पातेल्यातला एक उचलून खाल्ला. आणखी काहींनी घेतले. काहींनी हात पुढे केला आणि यशोधनकडे बघून मागे घेतला. निम्मं पातेलं तसंच परत आलं.

गाडी वैजयंती चालवत होती. पहिल्या राउंडअबाउटपाशी तिच्या गालांवरून पाणी वाहायला लागलं आणि तिने ते पुसलं नाही. शेजारी हरीशने पातेलं मांडीवर घेतलं होतं. त्याने पान बाजूला करून एक मोदक तोंडात टाकला. मग दुसरा. मग तिसरा.

"शुगर वाढेल तुझी," ती म्हणाली.

"वाढू दे. एकही परत घरात जाणार नाही."

मागच्या सीटवरून मायराने हात पुढे केला. "ह्याच्यात एनिमल काही नाही ना?"

"तूप आहे."

"तूप इज फाइन," मायरा म्हणाली, आणि तिनेही खाल्ले.

पुढच्या वर्षी अर्चनाचा फोन आला नाही. वैजयंतीने न विचारता मोदक नेले आणि मूर्तीसमोर ठेवले. त्याच्या पुढच्या वर्षीही. परत येणारे मोदक कमी होत गेले. यशोधनने मात्र तिच्या हातचं पुन्हा कधी खाल्लं नाही, आणि तिनेही त्याला कधी आग्रह केला नाही. ते दोघं भेटले की हवापाण्याबद्दल बोलायचे.

*

२००८ मध्ये केंद्र एका मोठ्या कंपनीने विकत घेतलं आणि शेतातल्या चाचण्या लिंकनशरला हलवल्या. डेरेक निवृत्त झाला. वैजयंतीला शहरातल्या ऑफिसात टेबल-खुर्चीचं काम मिळालं. गव्हाचे आकडे आता स्क्रीनवर यायचे, दुसऱ्याच कुणीतरी मोजलेले. आणि शेत गेलं तशी तिथे शिकार करायची परवानगीही गेली.

"क्लब आहेच की," हॅलम म्हणाले. आता वयामुळे त्यांचा हात थरथरायचा, तरी मंगळवार चुकायचा नाही. "कागदावर मारत राहा. तुमच्याइतक्या एकाच जागी गोळ्या मारणारं आमच्यात कोणी नाही."

"कागद शिजत नाही," वैजयंती म्हणाली.

मग दर शनिवारी ती गाडी काढायची आणि शेतकऱ्यांची दारं ठोठावायची. एका शेतकऱ्याने सांगितलं, आमचा माणूस आहे. दुसऱ्याने दार अर्धवट उघडून ती काही विकायला आलीय असं समजून 'नो थँक यू' म्हटलं. तिसऱ्याने सगळं ऐकून घेतलं, तिला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "तुम्ही?" ती म्हणाली, "हो, मी." तो म्हणाला, बघतो, कळवतो. कळवलं नाही. हरीश म्हणायचा, पुरे झालं, किती अपमान करून घेशील? ती म्हणायची, अपमान त्यांचा होतोय, त्यांचे ससे वाढतायत.

ऑक्टोबरात ती एका घोड्यांच्या तबेल्यावर गेली. मालकीण मिसेस ट्रॉट, साठीची, रबरी बूट घातलेली, रापलेल्या चेहऱ्याची बाई. कुरणात जिकडेतिकडे बिळं होती. महिन्यापूर्वीच एका घोडीचा पाय बिळात जाऊन मोडला होता आणि तिला मारावं लागलं होतं.

"परवानगी देते मी," मिसेस ट्रॉट म्हणाली. "तुमचे मिस्टर कधी येऊ शकतील?"

"तो येणार नाही. त्याला गवताची ॲलर्जी आहे. मी येणार."

मिसेस ट्रॉट कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "बंदूक गाडीत आहे?"

"आहे. कुलपात."

"मग आत्ताच दाखवा. तो बघा, तिथे टेकाडाच्या उतारावर एक बसलाय."

वैजयंतीने टेकाडाकडे बघितलं. ससा होता, छान मोठा, अंतरही बेताचं. त्याच्या पलीकडे रस्त्याची रेघ होती. कुरणाच्या दुसऱ्या टोकाला तीन मुली तट्टांवर बसून गोल गोल फिरत होत्या.

"आत्ता नाही," ती म्हणाली.

"का? दिसत नाही का?"

"दिसतो. पण पाठीमागे रस्ता आहे आणि इकडे पोरी आहेत. मला खालून, त्या ओढ्याच्या बाजूने वर मारावं लागेल, म्हणजे गोळी टेकाडातच जाईल. उद्या सकाळी पोरी यायच्या आत येते. तुम्हाला आत्ताच तमाशा बघायचा असेल तर दुसरं कोणी शोधा."

मिसेस ट्रॉटने तिच्याकडे रोखून पाहिलं. मग खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला, त्यातली एक सोडवली. "खालच्या फाटकाची," ती म्हणाली. "ते नीट बंद होत नाही, उचलून ढकलावं लागतं."

दुसऱ्या दिवशी धुकं होतं. वैजयंती ओढ्याच्या काठाने ओल्या गवतातून सरपटत गेली, कोपरं भिजली, टेकाडाखाली पोचून दस्ता खांद्याला लावला आणि थांबली. नऊच्या सुमाराला ती तबेल्याच्या दाराशी आली तेव्हा तिच्या हातात तीन ससे होते. मिसेस ट्रॉट घोड्याला खरारा करत होती.

"एक तुमचा," वैजयंती म्हणाली.

"मी नाही खात. आजीने लहानपणी इतके खायला घातले की नाव काढलं तरी नको वाटतं."

"बरं, मग तीनही माझे." तिने ससे गाडीत ठेवले आणि विचारलं, "पुढच्या रविवारी?"

"फाटक उचलून लावलंत ना?"

"लावलं. बिजागरीचा स्क्रू सैल झालाय. येताना स्क्रूड्रायव्हर आणते."